खजूर बंदरात, चांद आभाळात

इफ्तारच्या दस्तरखानावर येणारा खजूर कस्टमच्या दारातून येतो. ते दार कशाने उघडते आणि कशाने अडते, हे व्यापाऱ्याइतकेच घरातल्यांनीही समजून घेण्यासारखे आहे.

रमजानच्या दिवसांत असरच्या नमाजनंतर जुन्या नाशकात एक फेरी मारावी. दूध बाजार, चौक मंडई, भद्रकाली, जिकडे जावे तिकडे हातगाड्यांवर खजुराचे ढीग. मधाच्या रंगाचा जाहिदी, डब्यात दाटीने बसवलेला काळा मऊ मजाफती, एका बाजूला जपून ठेवलेला अजवा. गिऱ्हाईक एखादा चाखून पाहते, भाव पाडून मागते, पाव किलो बांधून घेते. मगरिबची अजान झाली की त्याच खजुराने घराघरांत रोजा सोडला जातो.

हा खजूर नाशिक जिल्ह्यात पिकत नाही. द्राक्षे, कांदा, डाळिंब आणि टोमॅटो दूरवर पाठवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला खजूर मात्र बाहेरूनच आणावा लागतो. देशात कच्छमध्ये खजुराच्या बागा आहेत. पण तिकडचे फळ जून-जुलैत ताजे, पिवळे-लाल असतानाच विकले जाते. वर्षभर टिकणारा खजूर येतो तो इराक, इराण, सौदी अरब, संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि ट्युनिशिया या देशांतून. खजूर आयात करणाऱ्या जगातील मोठ्या देशांत भारत आहे.

आपल्या समाजातील अनेक तरुणांच्या मनात एक बेत असतो. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून माल घेण्यापेक्षा आपणच थेट परदेशातून एखादा कंटेनर मागवावा. बेत चांगला आहे. पण समुद्रापलीकडे पैसे पाठवणे हा या धंद्यातील सोपा भाग. कठीण भाग सुरू होतो तो कंटेनर बंदरात उतरल्यावर. खजूर नाशवंत आहे आणि त्याचा हंगाम चांदाला बांधलेला आहे. रमजानचा चांद दिसला तेव्हा माल बंदरातच अडकलेला असेल, तर ईदच्या दुसऱ्या दिवशी त्याच मालाला विचारणारे मोजकेच उरतात. घरचे दागिने मोडून भांडवल उभे केलेल्या माणसासाठी हा फरक नफा-तोट्याचा राहत नाही, घर उभे राहण्या-बसण्याचा होतो.

जकात नाका आणि कस्टम

नाशिकच्या जुन्या व्यापाऱ्यांना ‘जकात’ म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक, मुस्लिम घरातला फर्ज. दुसरी, विल्होळीचा जकात नाका आणि त्यापुढची ट्रकची रांग. शब्द एकच, पण एक इबादत आणि दुसरा महापालिकेचा कर. तो नाका २०१३ मध्ये एलबीटी आल्यावर बंद झाला. पुढे १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि शहराच्या वेशीवरची वसुली इतिहासजमा झाली.

देशाच्या वेशीवरची वसुली मात्र कायम आहे. तिलाच सीमाशुल्क, म्हणजे बोलीभाषेत कस्टम, म्हणतात. १९६२ चा कस्टम्स कायदा तिचा पाया आहे. ही वेस फक्त समुद्रकिनाऱ्यावरच असते असेही नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कंटेनर कॉर्पोरेशन यांच्या भागीदारीतील ‘हॅल्कॉन’चे मालवाहतूक केंद्र आहे, तर शेजारी जानोरीला कंटेनर डेपो आहे. बंदरात उतरलेला कंटेनर सीलबंद अवस्थेत अशा डेपोत आणून तेथे कस्टमचे सोपस्कार करता येतात. खजुरासारखा खाद्यमाल मात्र बहुतेक रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदरातच सोडवला जातो. १९८९ मध्ये सुरू झालेले हे जवाहरलाल नेहरू बंदर देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे.

जहाजाआधी कागद पोहोचला पाहिजे

पहिला कागद म्हणजे आयईसी, आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक. तो परदेशी व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, देते. खाद्यपदार्थ आणायचे तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा आयातदार म्हणून केंद्रीय परवाना लागतो. स्थानिक दुकानासाठी काढलेली नोंदणी येथे चालत नाही. बँकेचा एडी कोड बंदरावर नोंदवावा लागतो. ही तयारी माल मागवण्याआधीची. कंटेनर समुद्रात असताना परवान्यासाठी धावाधाव करणारे पुढे दिवसामागे पैसे मोजतात.

मग मालाचे कागद येतात: विक्रेत्याचे बिल, पॅकिंग लिस्ट, जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग, विम्याचा कागद, माल कोणत्या देशात पिकला त्याचा मूळ देशाचा दाखला, आणि माल कीडमुक्त असल्याचा त्या देशाच्या सरकारी खात्याचा फायटोसॅनिटरी दाखला. या सर्व कागदांवर वजन, पेट्यांची संख्या, खजुराची जात आणि कंटेनरचा क्रमांक एकसारखा हवा. एका कागदावर ‘सुका’ आणि दुसऱ्यावर ‘मऊ’ असे पडले की शंका सुरू होते. ताजा खजूर, मऊ खजूर आणि खारीक यांचे शुल्क-तक्त्यातील क्रमांकच वेगवेगळे आहेत.

या कागदांवरून ‘बिल ऑफ एंट्री’ भरले जाते. आयातदाराच्या वतीने हे काम परवानाधारक कस्टम ब्रोकर करतो. जुने लोक त्याला अजून सीएचए म्हणतात. सगळे काम ‘आइसगेट’ या सरकारी संगणक प्रणालीवर चालते. २०२१ पासूनचा सर्वसाधारण नियम असा, की जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एंट्री दाखल झाले पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये आकार लागू शकतो. एखाद्या दाखल्याची मूळ प्रत कुरिअरने यायची राहिली म्हणून थांबणाऱ्याला ही रक्कम महागात पडते.

आज बिल तपासणारा अधिकारी न्हावा शेवालाच बसलेला असतो असेही नाही. २०२० मध्ये ‘फेसलेस’ पद्धत टप्प्याटप्प्याने देशभर लागू झाली. माल न्हावा शेवाला असला, तरी त्याचे मूल्यांकन दुसऱ्या शहरातील अधिकारी करू शकतो. त्याला तुमची ओळख नसते आणि तुमची अडचणही दिसत नाही. त्याच्यापुढे असतो तो फक्त कागद. म्हणून कागदच बोलका हवा.

कर कसा मोजतात?

कर फक्त खजुराच्या बिलावर लागत नाही. मालाची किंमत, विमा आणि जहाजाचे भाडे यांची बेरीज करून कस्टमचे मूल्य ठरते. त्यावर मूळ सीमाशुल्क लागते. त्या शुल्कावर साधारणपणे १० टक्के समाजकल्याण अधिभार. नंतर या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी.

फक्त समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मालाचे मूल्य १०,००,००० रुपये, मूळ शुल्क २० टक्के आणि आयजीएसटी ५ टक्के आहे. मूळ शुल्क झाले २,००,०००. त्यावर अधिभार २०,०००. बेरीज १२,२०,०००. त्यावर आयजीएसटी ६१,०००. म्हणजे एकूण कर २,८१,००० रुपये. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला आयजीएसटीची रक्कम पुढच्या विक्रीवरील करातून वळती करता येते. मूळ शुल्क आणि अधिभार मात्र मालाच्या खर्चातच राहतात. भाव ठरवताना हा फरक विसरणारे नवखे आयातदार नफा कागदावर कमावतात आणि बाजारात गमावतात.

दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात. खरा दर आणि त्या मालाला लागणारे परवाने पाहण्यासाठी कस्टम खात्याने २०२१ मध्ये ‘कंप्लायन्स इन्फर्मेशन पोर्टल’ विनामूल्य खुले केले आहे. शुल्क-तक्त्यातील सुमारे १२,००० नोंदींची माहिती तेथे मिळते. वर्गीकरणाबद्दलच शंका असेल, तर आयातीआधीच ‘अॅडव्हान्स रूलिंग’ मागता येते. त्यासाठीचे प्राधिकरण मुंबईत आहे.

येथे एक मोह वाट पाहत असतो. परदेशी विक्रेता सांगतो, “बिल निम्म्या किमतीचे करून देतो, उरलेले पैसे दुसऱ्या मार्गाने द्या.” शुल्क निम्मे होईल, असा हिशेब असतो. पण त्याच आठवड्यात तोच खजूर इतर आयातदारांनी काय भावाने आणला, हे कस्टमच्या संगणकात दिसत असते. भाव विसंगत दिसला की माल थांबतो, प्रश्न येतात. आणि ‘दुसरा मार्ग’ म्हणजे हवाला. तो गुन्हा वेगळ्या कायद्याखालचा.

तीन दारे

कस्टम हे एकच दार नाही. खजुरापुढे तीन दारे असतात. पहिले शुल्काचे. दुसरे वनस्पती संगरोधाचे, म्हणजे प्लांट क्वारंटाइनचे. परदेशातील कीड फळांबरोबर येऊ नये म्हणून हे खाते असते. त्याचे नियम २००३ च्या आदेशात आहेत. तिसरे दार अन्नसुरक्षेचे. २०१६ पासून ही खाती ‘एक खिडकी’ पद्धतीने जोडली गेली आहेत. एकाच बिल ऑफ एंट्रीवरून संगणक ठरवतो, की हा माल कोणी पाहायचा.

एफएसएसएआयचे आयात नियम २०१७ चे आहेत. त्यांतील एक नियम खजूरवाल्यांनी पाठ करून ठेवावा. माल सोडवताना त्याच्या टिकण्याच्या एकूण मुदतीपैकी किमान ६० टक्के किंवा तीन महिने, यांतील जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक पाहिजे. परदेशात स्वस्तात मिळणारा माल पुष्कळदा मुदत संपत आलेला म्हणूनच स्वस्त असतो. असा माल बंदरावर पोहोचतो, पण बंदराबाहेर येत नाही.

अधिकारी पेटीवरचा लेबल पाहतात आणि आवश्यक वाटल्यास नमुना घेतात. नमुन्याचे दोन भाग केले जातात. पहिल्याचा अहवाल विरुद्ध गेला तर दुसरा भाग संदर्भ प्रयोगशाळेत तपासून घेण्यासाठी अपील करता येते. लेबलवर आयातदाराचे नाव-पत्ता किंवा परवाना क्रमांक राहिला असेल, तर कस्टमच्या ताब्यातील गोदामात स्टिकर लावून ती उणीव दूर करण्याची मुभा आहे. पण उत्पादनाची किंवा मुदतीची तारीख बदलता येत नाही. ती बदलणे म्हणजे फसवणूक.

माल आत अडकलेला असतो तेव्हा दोन मीटर फिरत असतात. एक कंटेनर स्थानकाच्या जागेच्या भाड्याचे. दुसरे जहाज कंपनीचे. ठरलेले मोफत दिवस संपले की कंटेनर अडवून ठेवल्याचे भाडे सुरू होते, आणि शीत कंटेनर असेल तर विजेचा खर्चही. यातला बराचसा पैसा सरकारकडे जात नाही, तो खासगी कंपन्यांकडे जातो आणि बहुधा परत मिळत नाही. ‘शुल्क किती’ याची चौकशी सगळे करतात. मोफत दिवस किती, ही चौकशी करारावर सही करण्याआधी करणारे थोडे.

निकाहाची खारीक

खजुराची धाकटी बहीण खारीक. आपल्याकडे निकाह झाल्यावर तीच वाटतात. ईदच्या शिरखुर्म्यातला ‘खुर्मा’ म्हणजेही खजूरच, आणि पातेल्यात पडते ती भिजवून बारीक चिरलेली खारीक. शेजारच्या हिंदू घरात बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात आणि ओटीतही खारीक असते. नाशिकच्या एकाच दुकानातून दोन्ही घरांची खारीक जाते.

ही खारीक अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातील सिंध प्रांतातून, खैरपूर-सक्करच्या भागातून, अटारीच्या सीमेवरून ट्रकने येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाचा हल्ला झाला. त्यानंतर १६ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी मालावरील शुल्क २०० टक्के केले. म्हणजे १०,००,००० रुपयांच्या खारकेवर २०,००,००० रुपये निव्वळ मूळ शुल्क. व्यापार जवळजवळ थांबला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला हल्ला झाला आणि २ मे २०२५ रोजी पाकिस्तानात तयार झालेल्या किंवा तेथून येणाऱ्या सर्व मालाच्या आयातीवर पूर्ण बंदी आली. तिसऱ्या देशातून फिरवून आणलेला मालही त्या बंदीत येतो.

आता मोह कोणता, ते उघड आहे. कराचीहून माल दुबईला न्यायचा, तेथे कंटेनर बदलायचा, कागदावर ‘मूळ देश: अमिराती’ लिहायचे आणि न्हावा शेवाला उतरवायचा. महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, २०२५ मध्ये ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’ या नावाने याच वाटेवर लक्ष ठेवले. जूनच्या कारवाईत ३९ कंटेनर, १,११५ टन माल, किंमत सुमारे ९ कोटी रुपये. त्याच वर्षी पुढे न्हावा शेवालाच आणखी २८ कंटेनर पकडले गेले. त्यांत सौंदर्यप्रसाधने आणि खारीक होती, सुमारे ८०० टन, किंमत १२ कोटींच्या घरात. जहाजांचे मार्ग, कंटेनरचे क्रमांक आणि बँकेतील पैशांची वाट जुळवली की कागदावरचा देश आणि खरा देश यांतील अंतर उघडे पडते.

या प्रकरणांतील फसवणूक एका शब्दाची होती, मूळ देशाच्या. मालाची चव तीच, रंग तोच. पण बंदी असलेल्या मालाला खोटा देश लावला की माल जप्त होतो. जाणूनबुजून खोटा कागद वापरला तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे, आणि अटकही होऊ शकते. आपल्याला हे माहीतच नव्हते, दुबईच्या दलालाने सांगितले तसे लिहिले, या सबबीवर आयातदाराने विसंबू नये. करारांखाली शुल्कसवलत मागणाऱ्यांसाठी २०२० च्या नियमांनी हे आणखी स्पष्ट केले आहे. केवळ दाखला जोडून भागत नाही. माल त्या देशातलाच कसा, याची माहिती आयातदाराजवळ असावी लागते.

म्हणून दुबईतून खारीक घेणाऱ्याने एक प्रश्न बिलाआधी विचारावा: ही कोणत्या बागेची? आणि उत्तर कागदावर मागावे. अमिराती हा खजूर पिकवणारा देश आहे, तसेच जगभरचा माल फिरवणारी पेठही आहे. तेथून आलेला सगळा माल तेथलाच नसतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील बाजारातला प्रसंग आपल्याला माहीत आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तर आतून ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. ओल असणे हा दोष नव्हता, ती झाकणे हा होता. बिल ऑफ एंट्रीवर आयातदार सही करतो, तेव्हा ढिगाची आतली बाजू वर ठेवल्याची ती ग्वाही असते. २०११ पासून कायद्यानेही शुल्काचे पहिले मूल्यांकन आयातदारावरच सोपवले आहे. तो सांगतो ते खरे मानून काम सुरू होते.

द्राक्षवाल्यांना विचारा

नाशिककराला हे शिकायला दूर जायला नको. दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागाईतदार हाच धडा दुसऱ्या बाजूने शिकला आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. कंटेनर परत आले, भाव कोसळले, बागाईतदार कर्जात गेले. द्राक्षे गोड होती, पण तिकडच्या दाराने मागितलेला आकडा जुळला नव्हता. बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेचा अहवाल, पेटीवरून बागेपर्यंत माग काढणारी ‘ग्रेपनेट’ व्यवस्था हे आज निर्यातदार बागाईतदाराच्या रोजच्या कामाचा भाग आहेत.

जे आपण रॉटरडॅमच्या दारात देतो, तेच खजुराच्या व्यापाऱ्याने बसऱ्याच्या विक्रेत्याकडून मागावे: बाग, तोडणी, साठवण, तपासणी. ज्या तरुणाला आयातीत उतरायचे आहे, त्याने एक हंगाम पिंपळगावच्या एखाद्या निर्यातदाराच्या पॅकहाउसमध्ये घालवावा. कागद कसा सांभाळतात, हे तेथे जेवढे कळेल तेवढे पुस्तकात कळणार नाही.

चांदाचे गणित

आखाती देशांत खजुराची मुख्य तोडणी साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला होता. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या आरंभी आणि डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे तोडणी आणि इफ्तार यांतील अंतर दरवर्षी कमी होत चालले आहे. माल ताजा मिळेल हा फायदा. पण जहाज उशिरा आले, नमुना अडकला, तर हाताशी दिवसही कमी उरतील.

यावर कायद्यातच एक वाट आहे, ती नव्या आयातदारांना फारशी माहीत नसते. माल लवकर आणायचा आणि शुल्क न भरता कस्टमच्या परवान्याच्या बंधपत्री गोदामात, म्हणजे बाँडेड वेअरहाऊसमध्ये, ठेवायचा. गरजेप्रमाणे थोडाथोडा सोडवायचा आणि तेवढ्याच मालाचे शुल्क भरायचे. सामान्यतः एक वर्षापर्यंत माल असा ठेवता येतो. ९० दिवसांनंतर मात्र शुल्कावर व्याज लागते, आणि गोदामाचे भाडे वेगळे. खजुरासाठी शीतगृहाची सोय असलेले गोदाम पाहावे लागते. एकट्याला हे परवडत नसेल, तर चार-पाच व्यापाऱ्यांनी मिळून, भागीदारीचा लेखी करार करून, एकाच आयातदाराच्या नावाने माल आणावा. तोंडी भागीदारी ईदपर्यंत गोड असते, हिशेबाच्या दिवशी नाही.

अडले तर काय?

अधिकाऱ्याने तुमचे वर्गीकरण किंवा मूल्य अमान्य केले, तर तुम्ही लेखी मान्यता दिलेली नसताना त्याला १५ दिवसांत कारणांसह आदेश द्यावा लागतो. त्या आदेशाविरुद्ध ६० दिवसांत कस्टम आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते. कागदात प्रामाणिक चूक राहिली असेल, तर दुरुस्तीचा अर्ज करता येतो. पकडले जाण्याआधी स्वतःहून केलेल्या दुरुस्तीला वेगळे वजन असते. बिल ऑफ एंट्री कोठवर आले, हे तिच्या क्रमांकावरून आइसगेटवर स्वतः पाहता येते. ब्रोकरच्या फोनची वाट पाहत बसावे लागत नाही.

काम अडले की “मी सोडवून देतो” म्हणणारा कोणीतरी भेटतोच. एकच कसोटी लावावी. तो जी रक्कम मागतो तिची पावती मिळते का? पावती नसलेला पैसा शुल्क नव्हे, आणि त्याने सुटलेला माल पुढच्या वेळी जास्त पैशाला अडतो.

घरातल्यांसाठी

या सगळ्यात आपण ग्राहक म्हणून कोठे येतो? खजुराचा डबा हातात घेतला की तो उलटा करून पाहावा. आयात केलेल्या बंद डब्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तारीख, तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक असला पाहिजे. यातले काही नसेल, तर तो डबा कोणत्या दाराने आला, हा प्रश्न रास्त आहे. सुटा खजूर घेताना दुकानदाराला मूळ पेटी दाखवायला सांगावे. भला दुकानदार नाराज होत नाही.

आणि एक उमरा किंवा हजहून येणाऱ्यांसाठी. घरच्यांसाठी, पाहुण्यांना वाटण्यासाठी आणलेला खजूर हे प्रवासी सामान. विकण्यासाठी आणलेल्या पेट्या हे प्रवासी सामान नव्हे, त्यांना करमाफीची मर्यादा लागू होत नाही. सोन्याच्या दागिन्यांची खास सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. पंधरा दिवसांच्या उमरा प्रवासाला ती लागू नाही, हे बायाबापड्यांना निघण्याआधी सांगावे. करमाफीची रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून प्रवासाआधी ताजा नियम पाहावा. सांगण्यासारखे काही असेल तर सरळ लाल मार्गिकेत जावे. तेथे जाणे हा गुन्हा नाही, हिरव्या मार्गिकेतून लपवून नेणे हा आहे. आणि “एवढी पिशवी आमच्या घरी पोहोचवा” म्हणून विमानतळावर कोणी बांधलेले पार्सल हातात दिले, तर ते अमानत म्हणून घेऊ नये. आत काय आहे हे माहीत नसलेली वस्तू अमानत होत नाही. कस्टमच्या टेबलावर ती तुमचीच ठरते.

येत्या रमजानसाठी ज्याला कंटेनर आणायचा आहे, त्याने कॅलेंडर आजच काढावे. पहिल्या रोज्यापासून उलटे मोजावे: नाशिकच्या बाजारात वाटपाला दोन आठवडे, बंदरात तपासणीला आणि अनपेक्षित अडचणीला तीन, समुद्रप्रवासाला दोन-तीन, कागद जुळवायला एक महिना. जो दिवस येईल, त्या दिवशी आयईसी आणि अन्नसुरक्षा परवाना हातात असला पाहिजे. नसेल, तर यंदा मुंबईच्या व्यापाऱ्याकडूनच माल घ्यावा आणि पुढच्या वर्षाची तयारी करावी. त्यात कमीपणा नाही. एक रमजान थांबलेला व्यापारी पुढच्या रमजानला दुकान उघडू शकतो. घाईत खोट्या किंवा अपुऱ्या कागदावर सही केलेल्याला ती खात्री नसते.